चौदा आणि एकवीस

"अगं पदू, ह्या तर कुणीतरी शेवया वाळत घातल्यात!"

एक डोळा सूक्ष्मदर्शकाला लावून आणि दुसरा तळहाताने झाकून अक्का उभी होती. टाचा उचललेल्या, पदर कमरेला खोचलेला. आयुष्यात पहिल्यांदा ती असल्या यंत्रातून बघत होती, आणि बघत होती ते स्वतःचंच रक्त.

"शेवयाच म्हण," मी म्हणाले. "ही पेशी आत्ता कुठं दुभंगायची तयारी करायला लागलीय. सुरुवातीला गुणसूत्रं अशीच लांबच लांब असतात. कुणाचं टोक कुठं गेलंय काही कळत नाही. मग ती आखडायला लागतात. आखूड होतात, जाड होतात आणि सगळी मिळून पेशीच्या मधोमध येऊन उभी राहतात. आता दोन्हीकडून ओढून त्यांची वाटणी व्हायची, एवढ्यात आम्ही औषध घालतो आणि त्यांना तिथंच थांबवतो."

"का गं बिचाऱ्यांना?"

"मोजायला. आधी गुंता असतो, नंतर ती दोन घरांत निघून जातात. मोजायची तर त्या मधल्या घटकेतच."

"आणि मोजून किती यायला पाहिजेत?"

"सेहेचाळीस."

अक्काने डोळा काढला आणि माझ्याकडे बघितलं. "सेहेचाळीस येऊ देत गं बाई," ती म्हणाली. "एवढंच कर माझ्यासाठी."

जणू ते माझ्या हातात होतं! आणि काय सांगू, त्या दिवशी ते खरंच माझ्या हातात होतं.

एक्क्याण्णव सालची गोष्ट. मी सांगलीत डॉक्टर किणीकरांच्या लॅबमध्ये कामाला होते. खोल्या दोनच, पण रक्तातली गुणसूत्रं तपासायची सोय आमच्याकडे होती, म्हणून लांबलांबून नमुने यायचे. नंदाक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, जयसिंगपूरला दिलेली. दाजींचं पाइप आणि नळांचं दुकान. दाजी म्हणजे देवमाणूस, सासूही जीव लावणारी. कशाला म्हणून नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त मूल राहत नव्हतं. पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं आणि दुसरं पाचव्यात. दुसऱ्या वेळी दवाखान्यातून घरी आलो तेव्हा अक्का रिक्षातून उतरेचना. "मोकळ्या हातानं आत कशी जाऊ?" असं रिक्षावाल्याला विचारत होती. तो बिचारा काय सांगणार!

म्हणून ही तपासणी. दाजींचं रक्त आधी तपासून झालं होतं, त्यांच्यात काही निघालं नव्हतं. आता हिचं. रक्त काढताना अक्काने मला बजावलं होतं, "माझ्यात काही निघालं तर इथंच थांबायचं. मी ह्यांना सांगून ठेवलंय. तिसऱ्यांदा ते सोसायची ताकद न्हाई माझ्यात. पण काही न्हाई निघालं, तर मात्र आणखी एकदा."

आता आमच्या लॅबचा एक रिवाज सांगते. घरच्या माणसाची स्लाइड घरच्यानं बघायची नाही. सर हैदराबादला परिषदेला गेले तेव्हा मला मुद्दाम बोलावून म्हणाले होते, "पद्मजा, बहिणीचं काम तू करू नकोस. मी आठ दिवसांत येतो, मी बघीन. आपल्या माणसाच्या पेशीत आपल्याला पाहिजे तेच दिसतं."

मी मान डोलावली. पण आठ दिवस कुणाला निघताहेत? चौथ्या दिवशी अक्का दारात हजर. डोळ्यांखाली काळं आलेलं. "झोप येईना गं," म्हणाली. "तुला येतंय की हे काम. मग कशाला त्यांची वाट बघायची?"

येत तर होतं. तीन वर्षं तेच करत होते. फोटो काढलेलेच होते. मी तिला समोरच्या स्टुलावर बसवलं आणि कात्री घेतली.

तेव्हा आतासारखे संगणक नव्हते. औषधाने थांबवलेल्या पेशीचा फोटो काढायचा, अंधाऱ्या खोलीत तो मोठा करायचा, आणि मग बारीक कात्रीने एकेक गुणसूत्र कापून पुठ्ठ्यावर नंबराप्रमाणे जोडीजोडीने चिकटवायचं. एक नंबर सगळ्यांत लांब आणि पुढे आखूड होत जातात. पंखा बंद ठेवावा लागे, नाहीतर तुकडे उडून जायचे. एप्रिल महिना. माझ्या कपाळावरचा घाम अक्का आपल्या पदराने पुसत होती आणि तोंडाने चालूच होतं. "ही जोडी ठेंगणी आहे बघ, आपल्या आत्याबाईंसारखी." "हा एकटाच का पडलाय?" "अगं, त्याचा जोडीदार तुझ्या कोपराखाली आहे की!"

फोटोच्या उजव्या कोपऱ्यात दोन गुणसूत्रं एकमेकांना डोकं लावून होती. एक चौदा नंबरचं आणि त्याच्या डोक्यावर एकवीस नंबरचं, चिमुकलं.

"हे दोघं जोडल्यात काय गं?" अक्कानेच विचारलं.

"गप्पा मारायल्यात," मी म्हणाले. सरांनीच शिकवलेलं होतं ते. तेरा, चौदा, पंधरा, एकवीस आणि बावीस, या पाच नंबरांची खोडच अशी, की ती डोक्याला डोकं लावून बसतात. सर त्यांना गप्पिष्ट मंडळी म्हणायचे. तशी दिसली तर घाबरायचं नाही, सोडवून आपापल्या जागी लावायची.

मी कात्री लावली आणि दोघांना वेगळं केलं. चौदा चौदाच्या जागी, एकवीस एकवीसच्या जागी.

"आई गं! दुखलं असंल की त्यांना," अक्का हसून म्हणाली.

पुठ्ठा भरला. तेवीस जोड्या, सेहेचाळीस. कुठं रिकामी जागा नाही, कुठं जास्तीचा तुकडा नाही. अक्काने बोट ठेवून ठेवून दोनदा मोजलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

"चोख आहे," मी म्हणाले. "काही दोष नाही तुझ्यात."

ती टेबलावर डोकं टेकून रडली. दोन वर्षांचं साठलेलं सगळं त्या पुठ्ठ्याशेजारी सांडलं. मीही रडले. मग तोंड धुऊन आम्ही खाली जाऊन उसाचा रस प्यायलो. अक्काने तीन ग्लास घेतले. तिला एवढं गोड खाता-पिताना मी त्यानंतर फारसं बघितलं नाही.

सर आले. पुठ्ठा हातात घेऊन चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "स्लाइड कुणी बघितली?"

"मीच, सर. बहीण फार घायकुतीला आली होती."

"किती पेशी बघितल्यास?"

"वीस."

नियम वीसचा होता. सरांनी जरा विचार केला आणि सही केली. माझ्या कामावर त्यांचा विश्वास होता.

पुढच्या फेब्रुवारीत राजुल झाली. नऊ महिने पुरे भरून, रडत-ओरडत आलेली, अक्काची राजुल. मी तिला हातात घेतलं आणि मला एका क्षणात कळलं. डोळ्यांची ठेवण, चपटं नाक, तळहातावर आडवी एकच रेघ. त्यातलं आम्हाला वेगळं सांगावं लागत नाही. सांगलीच्या बालरोगतज्ज्ञांनी दोन दिवसांनी तेच सांगितलं. एकवीस नंबरचं गुणसूत्र जास्तीचं असलेलं मूल. हृदयाला भोकही होतं.

"असं कसं झालं?" अक्काने मला विचारलं. "रिपोर्ट तर चोख होता की."

"चोखच होता," मी म्हणाले. "हे असं कधी कधी आपोआप होतं, अक्का. वाटणी होताना चुकून एक जास्तीचं जातं. कुणाचा दोष नसतो."

हे खोटंही नाही. बहुतेक मुलांत तसंच होतं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

राजुल दहा महिन्यांची असताना छातीच्या तपासणीसाठी तिचं रक्त काढायचं होतं. मी दोन थेंब जास्तीचे मागून घेतले. कुणाला सांगितलं नाही. लॅबमध्ये तीन दिवस ते वाढवलं, औषध घालून थांबवलं, आणि रविवारी लॅबला सुटी असताना एकटीच बघत बसले. पहिल्याच पेशीत चौदाच्या डोक्यावर एकवीस, आणि शिवाय दोन एकवीस मोकळे. दुसऱ्या पेशीत तेच. दहाव्या पेशीत तेच. या वेळी कात्री लावली असती तर सत्तेचाळीस तुकडे झाले असते.

मग कपाटातून मी अक्काची जुनी स्लाइड काढली.

सरांनी शिकवलेलं अर्धं मघाशी सांगितलं, आता उरलेलं अर्धं सांगते. सर म्हणाले होते, "एका पेशीत चिकटलेली दिसली तर गप्पा. पण प्रत्येक पेशीत तीच दोघं तशीच दिसली, तर त्या गप्पा नव्हेत. ती कायमची जुळलेली आहेत. मग मोजायचं पंचेचाळीस." अशा बाईला स्वतःला काही होत नाही. पण तिचं मूल पोटात टिकत नाही, किंवा टिकलं तर असं होतं. तिला आधी सांगायचं असतं. पुढं काय करायचं ते मग तिनं ठरवायचं.

आणि मी वीस पेशी बघितल्याच नव्हत्या. तीन बघितल्या होत्या. पहिल्या पेशीत ती दोघं चिकटलेली होती. दुसऱ्या पेशीत चिकटलेली होती. तिसऱ्या पेशीतही दिसली, तेव्हा मी सूक्ष्मदर्शकावरून उठले आणि फोटो मोठा करायला अंधाऱ्या खोलीत गेले. चौथी पेशी बघायची मला भीती वाटली. हे सगळं अक्का येण्याच्या आदल्या दिवशीचं. म्हणजे तिला स्टुलावर बसवून मी कात्री हातात घेतली, तेव्हा मला अगदीच माहीत नव्हतं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी.

सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. नोकरी जाईल, सरांची सही बाद होईल, अक्का माझं तोंड बघणार नाही. रोज एक कारण सापडायचं. आणि राजुल वाढत होती.

काय पोर होती! बोलायची कमी, पण घरात आलेल्याच्या गळ्यात पडल्याशिवाय सोडायची नाही. दुकानातल्या गिऱ्हाइकाला नळाची तोटी काढून द्यायची आणि वर त्यालाच "शाब्बास" म्हणायची. दाजींनी तिच्यासाठी गल्ल्याशेजारी छोटी खुर्ची केली होती. मी गेले की "पदूमौशी, बश" म्हणून मला त्या खुर्चीत बसवायची. मी मावत नसे, तरी बसायचे. मात्र जिना चढली की तिचे ओठ निळे पडायचे. मुंबईच्या डॉक्टरांना दाखवलं तेव्हा त्यांनी ऑपरेशनला आता उशीर झालाय म्हणून सांगितलं.

अक्का मात्र बदलत गेली. आमच्या जैनांत नियम घ्यायची पद्धत आहे. एखादी वस्तू वर्षापुरती किंवा जन्मभरासाठी सोडायची. राजुल झाली त्या वर्षी अक्काने साखर-गूळ सोडला. पुढच्या पर्युषण पर्वात तूप, मग दूध, मग दही. आई म्हणायची, नंदा फार धर्माला लागली. मलाही तसंच वाटलं. संसाराचा ताप झाला की बाईमाणूस धर्माकडे वळतं, त्यात नवल ते काय?

राजुल आठव्या वर्षी गेली. पाटी मांडीवर घेऊन बसल्या बसल्या गेली. तिला पोहोचवून आलो तेव्हा दाजी दुकानाच्या पायरीवर बसून होते, कुणी उठवलं तरी उठत नव्हते.

महिनाभराने मी जयसिंगपूरला गेले. दुपारची वेळ. दाजी दुकानात, सासूबाई मंदिरात. अक्का स्वयंपाकघरात ज्वारी निवडत बसली होती. मीही ताटाला हात लावला. दोन मुठी निवडून झाल्यावर ती सहज बोलावं तसं म्हणाली, "गावात महाराज आल्यात. उद्या त्यांच्यापुढं नियम घेणार आहे. मीठ सोडायचं म्हणते. जन्मभर."

"अक्का, वेड लागलंय काय? दूध न्हाई, तूप न्हाई, आता मीठ सोडून जगशील कशावर?"

"जगायचं कुणाला आहे?"

"असं काय केलंयस तू, एवढं फेडायला?"

ती खडे बाजूला काढत राहिली. मग म्हणाली, "गोळ्या."

"कसल्या गोळ्या?"

"तिच्या वेळी. दिवस गेल्यात हे कळायच्या आधी मला ताप आला होता. कंपाउंडरानं तीन गोळ्या दिल्या. मी तिन्ही घेतल्या. हे कुणाला सांगितलं न्हाई, ह्यांनाबी न्हाई. दोन लेकरं गेली तेव्हा मला वाटायचं, माझं रक्तच खराब असंल. मग तू तपासलंस. रक्त चोख निघालं. ह्यांचंबी चोख. मग एवढं सगळं चोख असताना पोरीचं असं कशानं झालं? माझ्या हातनंच झालं की. माझ्या तोंडानं मी तिला ते खाऊ घातलं."

आठ वर्षं! साखर, तूप, दूध, दही. मी त्याला धर्म समजत होते. आपल्या अंगावर येऊ नये म्हणून मी तोंडात मूग धरून बसले, आणि इकडे ही बाई माझा गुन्हा आपल्या ताटातून फेडत होती.

"अक्का," मी म्हणाले, "गोळ्यांनी न्हाई झालं."

"तू तर म्हणणारच. बहीण आहेस."

"बहीण म्हणून न्हाई सांगत. मला माहीत आहे कशानं झालं ते."

आणि मी सांगितलं. तीन पेशी. चौथी न बघितलेली. कात्री. सरांना मारलेली वीसची थाप. राजुलचं चोरून घेतलेलं रक्त, तो रविवार. काही म्हणून मागे ठेवलं नाही. "ती दोन जन्मापासूनच जुळलेली होती तुझ्यात," मी म्हणाले. "तू गर्भात होतीस तेव्हापासून. आईकडनं आली असतील, बाबांकडनं आली असतील, न्हाईतर तुझ्यापासनंच सुरू झाली असतील. कुणाच्या करण्यानं झालेलं न्हाई. गोळी घेतली असतीस, न घेतली असतीस, तरी जे झालं तेच झालं असतं."

मला वाटलं होतं ती ओरडेल, ताट फेकेल, माझ्या थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी काही केलं न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई."

"काहीच न्हाई?"

"काहीच न्हाई, अक्का."

"तेव्हा सांगितलं असतंस, तर मी थांबले असते," ती हळूच म्हणाली. "राजू झालीच नसती." आणि मग मान हलवली. "त्याचं न्हाई म्हणत मी. ती झाली ते बरंच झालं. त्याबद्दल तुला बोल लावणार न्हाई." तिने हात पदराला पुसले. "पण तुला कळलं तेव्हा ती दहा महिन्यांची होती?"

"होय."

"मग तेव्हा का न्हाई सांगितलंस?"

रोज सापडणाऱ्या त्या कारणांतलं एकही तोंडावर येईना.

"ती निजली की मी रोज तिचे पाय धरत होते," अक्का म्हणाली. "रोज. चुकले गं बाळा, माफ कर म्हणत होते. दिवसा ती गळ्यात पडायला यायची, तर मला तिच्याकडं बघवायचं न्हाई. ह्यांच्याकडं जा म्हणायची, आजीकडं जा म्हणायची. सगळ्यांनी तिचे लाड केले, पदू. ह्यांनी केले, सासूबाईंनी केले, तू केलेस. मी माफीच मागत बसले. एकदा तरी मला तिला हसत जवळ घेऊ द्यायचं होतंस."

तिचा आवाज चढला नव्हता. मी तिचा हात धरायला गेले. तिने तो काढून घेतला, ज्वारीचं ताट उचललं आणि उठून उभी राहिली.

"जा तू आता," ती म्हणाली. "तुझी गाडी चुकंल."

दुपारचे दोन वाजले होते. जयसिंगपूरहून सांगलीला दर दहा मिनिटांनी गाडी होती.